अमेरिकानो एकाच वेळी कडू आणि पाणचट का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी एस्प्रेसोचं (दाबाखाली गरम पाणी पुडीतून ढकलून काढलेल्या छोट्या, दाट कॉफीचं) मशीन घेतलं, दुधाची कॉफी बरी जमते, पण अमेरिकानो (एस्प्रेसोत गरम पाणी घालून केलेली काळी कॉफी) कडूही लागतो आणि पाणचटही. पाणी वाढवलं की आणखी पाणचट, कमी केलं की आणखी कडू. कॅफेतला तसा लागत नाही. मग पाणी आधी घालायचं की नंतर, लाँग ब्लॅक म्हणजे वेगळं काय, आणि मोठं मशीन घ्यावं का?

मी कॅफेंसाठी बारिस्टा, म्हणजे कॉफी बनवणारे, तयार करतो. नव्या मुलांना मी पहिले काही दिवस दुधाला हात लावू देत नाही, अमेरिकानोच करायला लावतो. मुलं खट्टू होतात, कारण त्यांना दुधाच्या फेसावर पान काढायचं असतं. पण दूध आणि साखर शॉटमधले, म्हणजे एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोमधले, निम्मे दोष पोटात घालतात. गरम पाणी काहीच पोटात घालत नाही, उलट सगळं पसरून दाखवतं. म्हणून तुमची दुधाची कॉफी ‘बरी जमते’ यावर फार विसंबू नका. शॉट तोच आहे, फक्त दुधात कळत नाही.

कडूपणा पाण्यानं जात नाही, शॉट वेळेत थांबवल्यानं जातो. तुमच्या तक्रारीचं मूळ बहुतेक इथंच आहे.

घरगुती मशीनवर साधारण दोन बटणं असतात, एक कप आणि दोन कप. दोन कपांचं बटण दाबलं की साठ-सत्तर मिली कॉफी पडते. सोबत आलेल्या छोट्या बास्केटमध्ये, म्हणजे पूड भरायच्या भोकांच्या वाटीत, पूड मात्र बारा-चौदा ग्रॅमच मावते. म्हणजे एक भाग कॉफीतून पाच भाग पाणी गेलं. त्यात काहीजण कप भरेपर्यंत बटण दाबूनच धरतात आणि त्याला अमेरिकानो म्हणतात. तो अमेरिकानो नाही, लांबवलेला शॉट आहे. रसवंतीवाला ऊस चरकातून पुन्हा पुन्हा काढतो, तेव्हा शेवटच्या खेपेला पडणारा रस पातळ असतो आणि त्याला चिपाडाची चव येते. लांबवलेल्या शॉटचं शेवटचं पाणी तसंच असतं. अमेरिकानोत जास्तीचं पाणी कॉफीच्या पुडीतून जायचंच नसतं. ते वेगळं, कोरं आणि बाहेरून यायचं असतं.

पुडीतून सगळ्या चवी एकदम उतरत नाहीत. आंबटपणा आणि खारटपणा पहिल्या काही सेकंदांत येतो, गोडवा आणि सुगंध त्याच्या पाठोपाठ. कडू आणि तुरट द्रव्यं सावकाश सुटतात आणि शेवटपर्यंत सुटत राहतात. आपण कडूपणाचं खापर कॅफीनवर फोडतो, पण त्यात कॅफीनचा वाटा लहान. मोठा वाटा भाजताना बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लांपासून तयार होणाऱ्या संयुगांचा असतो, आणि बी जितकं काळं भाजाल तितकी त्यातली जिभेवर चिकटून राहणारी संयुगं वाढतात.

यावर विश्वास ठेवण्यापेक्षा चाखून बघा. तीन छोटे कप घ्या, खाली किचनचा वजनकाटा ठेवा आणि शॉट सुरू करा. पहिले बारा ग्रॅम पहिल्या कपात, पुढचे बारा दुसऱ्यात, त्यानंतरचे बारा तिसऱ्यात. पहिला कप जवळजवळ काळा, काकवीइतका दाट असतो. त्याची चव आंबट, खारट, अंगावर येणारी. दुसरा तांबूस, त्यात गोडवा सापडतो. तिसरा फिकट पिवळसर, पातळ, चवीला लाकडासारखा आणि नुसता कडू. आता तिन्हींत तीस-तीस मिली गरम पाणी घाला. पहिला कप खुलतो, त्यात फळाची चव दिसायला लागते. दुसरा छान पिण्यासारखा होतो. तिसरा कडूच राहतो, फक्त आणखी पातळ. तुमच्या बटणानं या तिसऱ्या कपासारखेच आणखी दोन-तीन कप तुमच्या मगात ओतलेले असतात.

कडू आणि पाणचट या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी. पाणचटपणा कपात किती द्रव्य विरघळलंय यावर ठरतो. कडूपणा पुडीतून किती ओरबाडून काढलंय यावर. समजा 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम शॉट काढला आणि पुडीचा 19 टक्के भाग विरघळून आला. म्हणजे कपात साधारण 3.4 ग्रॅम द्रव्य. त्यात 120 ग्रॅम पाणी घातलं तर पेयात 2.2 टक्के द्रव्य उरतं, भरपूर दाट. 200 ग्रॅम घातलं तर 1.4 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चांगल्या कागदी फिल्टरच्या कॉफीइतकं. आता तुमचा कप बघा. 14 ग्रॅम पुडीतून 70 ग्रॅम काढले, अगदी 23 टक्के ओरबाडले, तरी हाती 3.2 ग्रॅमच लागले, आणि त्यातला बराचसा शेवटचा कडू माल. वर 150 पाणी घातलं की दाटपणा 1.5 टक्क्यांच्या खाली गेला, पण कडूपणा आहे तिथेच. त्यामुळे पाणी कितीही कमी-जास्त केलंत तरी तुमची सुटका नाही.

आता करायचं काय ते सांगतो.

बटणावर विसंबू नका, वजनावर थांबवा. 18 ग्रॅम मावणारं बास्केट असेल तर 18 घ्या. लहान असेल तर 14-15. कपात पुडीच्या दुपटीइतकं वजन पडलं की बंद. पंप सुरू केल्यापासून हे 25 ते 30 सेकंदांत व्हायला हवं. पंधरा सेकंदांत झालं तर पूड बारीक करा, चाळीसच्या पुढे गेलं तर जाडी वाढवा. एस्प्रेसो नुसता पिताना दुप्पट ठीक आहे, पण अमेरिकानोसाठी मी थोडा आधी हात आखडतो. 18 ग्रॅमला 32-34 वर थांबतो, विशेषतः बी काळं भाजलेलं असेल तेव्हा. दोन-चार ग्रॅमनी काय होतं असं वाटेल; पण ते शेवटचे दोन-चार ग्रॅम असतात, म्हणून फरक पडतो.

तरीही कडवट वाटलं, तर आधी ते कडू आहे की तुरट हे जिभेला विचारा. गिळल्यावर जीभ कोरडी पडून ओढल्यासारखी वाटली तर ते तुरट. तिथं शॉट छोटा करून भागत नाही, कारण पाणी पुडीतून सारखं गेलेलंच नसतं. एखाद्या फटीतून धावत सुटलेलं असतं. तेवढा भाग पार पिळवटला जातो आणि बाकीची पूड जवळजवळ कोरी राहते. असा कप आंबट आणि तुरट एकदम लागतो. उपाय साधा: बास्केटमधल्या पुडीतल्या गुठळ्या बारीक सुईनं मोडा, वरून सपाट करा आणि टॅम्प (पूड दाबायचा दट्ट्या) सरळ, एकदाच दाबा. जोर किती लावायचा यावर लोक तासन्तास वाद घालतात. तो सरळ असण्याला जास्त महत्त्व आहे.

आणखी एक तपासा. तुमचं बास्केट उलटं करून प्रकाशाकडे धरा. तळाला बारीक भोकांची जाळी दिसली तर साधं. बाहेरून एकच टाचणीएवढं भोक दिसलं तर ते दुहेरी तळाचं. बाजारातली तयार पूड वापरणाऱ्यांसाठी ते बनवलेलं असतं. त्या एका भोकातून जोरानं बाहेर पडताना कॉफी फेसाळते, आणि आपल्याला वाटतं काय सुंदर क्रेमा (एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस) आला. दुधात ते चालून जातं. अमेरिकानोत त्या फेसाला ना चव असते ना टिकाव. बहुतेक मशीनला साधं बास्केट वेगळं मिळतं, ते घ्या. मात्र त्यासाठी ताजी आणि नीट बारीक दळलेली पूड लागते, म्हणजे ग्राइंडर आला. त्याकडे शेवटी येतो. खोक्यावरच्या ‘15 बार’, ‘20 बार’ला भुलू नका. बार हे दाबाचं माप, आणि ती पंपाची कमाल ताकद. एस्प्रेसोला लागतात साधारण 9 बार.

पाण्याबद्दल कोणी बोलत नाही, पण मला त्यावरच सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

36 ग्रॅम शॉटमध्ये 120 ग्रॅम पाणी घातलं, तर कपातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कॉफीला न शिवलेलं पाणी असतं. ते पाणी नुसतं प्यायला बेचव असेल तर कप बेचवच होणार. एकदा नुसतं गरम पाणी कपात घ्या, कोमट होऊ द्या आणि प्या. क्लोरीनचा वास, टाकीचा वास, नळाच्या लोखंडाची चव, जे काही असेल ते तिथंच कळेल. स्पेशालिटी कॉफीवाले पाण्यात विरघळलेल्या क्षारांसाठी लिटरला 150 मिलिग्रॅमच्या आसपासचा आकडा धरतात. 75 ते 250 पर्यंत चालतं. मुंबईचं तलावांचं आणि पुण्याचं धरणाचं पाणी मुळात मऊ. गाळून, क्लोरीन काढून घेतलं की काम झालं. अडचण होते बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची. ते जड असतं, आणि त्यातले बायकार्बोनेट कॉफीतला सगळा आंबटपणा मारून टाकतात. उरतो तो सपाट, खडूसारखा कप. शिवाय मशीनच्या बॉयलरमध्ये क्षारांचा थर चढतो, तो खर्च वेगळाच.

म्हणून घरोघरी आरओ आला. पण आरओनं पाणी पार कोरं केलं, क्षार मोजायच्या मीटरवर वीस-तीस आकडा दाखवायला लागलं, की कॉफी बोचरी आणि पोकळ लागते. कॉफीतलं हवं ते उतरवायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. तुमच्या आरओला टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचा) नॉब असेल तर शंभराच्या आसपास ठेवायला सांगा. नसेल तर आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळा आणि चाखून प्रमाण ठरवा. मी बघितलेल्या कितीतरी घरांत बी बदललं, ग्राइंडर बदलला, पण पाणी कोणी बदललं नव्हतं.

पाणी घ्यायचं कुठून, तर शक्यतो किटलीतून. मशीनच्या गरम पाण्याच्या नळातून येणारं पाणी बऱ्याच मशीनमध्ये वाफेच्या बॉयलरमधून येतं. ते तिथं तासन्तास उकळत पडलेलं असतं, वाफ निघून गेल्यानं त्यात क्षार साठत जातात आणि नळातून ते फुसफुसत, थुंकत बाहेर पडतं. वर्दळीच्या कॅफेत बॉयलरचं पाणी सतत बदलत असतं, तिथं चालून जातं. घरी सकाळी एकदा मशीन चालू केलं तर त्या बॉयलरमध्ये कालचंच पाणी असतं.

तापमान. उकळतं पाणी थेट ओतू नका. कॉफी जळते म्हणून नव्हे. शॉट निघाला तेव्हाच त्याचं जे व्हायचं ते झालेलं असतं. कारण एवढंच, की कप इतका गरम होतो की पहिली पाच मिनिटं तुम्हाला फक्त चटका कळतो, चव नाही. किटली उकळली की झाकण उघडून तीन-चार मिनिटं थांबा, पाणी 80-85 अंशांवर आलं की घाला. प्यायला मजा येते ती 60 च्या खाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 साली 65 अंशांपेक्षा जास्त गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीनं बहुधा घातक ठरवलं, तेव्हा घाई नकोच. आपल्याला चहा चटके देणारा लागतो आणि तीच सवय आपण कॉफीला लावतो. अमेरिकानो निवताना बदलतो. गरम असताना भाजल्याची चव पुढे असते, कोमट झाला की गोडवा आणि आंबटपणा वर येतात. चांगला कप पूर्ण गार झाल्यावरही पिता येतो. वाईट कप गार झाला की पितळ उघडं पडतं.

आता तुमचा आवडता वाद, पाणी आधी की नंतर. एस्प्रेसोवर पाणी ओतलं की अमेरिकानो, पाण्यावर एस्प्रेसो ओतला की लाँग ब्लॅक, असं साधारण सांगतात. लाँग ब्लॅक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला, आणि तिथं पाणीही कमी घालतात, दुहेरी शॉटला शंभर-सव्वाशे मिली. तो दाट लागतो तो मुख्यतः यामुळे. क्रमानं पडणारा फरक क्रेमाचा. पाणी आधी असेल तर क्रेमा वर शाबूत राहतो, नंतर ओतलं तर फुटून मिसळतो. दिसायला लाँग ब्लॅक देखणा, यात वाद नाही. पण हा क्रेमा चमच्यावर घेऊन नुसता चाखा. तो असतो कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, कॉफीची तेलं आणि अगदी बारीक पूड. चव राखट आणि कडू. दाट एस्प्रेसोत तो खपतो. पातळ पेयावर तरंगत राहिला की पहिले चार घोट तोच देतो. मी अमेरिकानोवरचा क्रेमा चमच्यानं सरळ काढून टाकतो. बारिस्टांना हे बघून त्रास होतो. काढायचा नसेल तर निदान ढवळा. लाँग ब्लॅक न ढवळता पिणाऱ्याला वर कडू, मध्ये पातळ आणि तळाशी दाट अशा तीन वेगळ्या कॉफ्या मिळतात. ढवळल्यावर दोन्ही क्रमांतला फरक डोळे बांधून ओळखून दाखवा, असं मी मुलांना सांगतो. पैज सहसा मीच जिंकतो.

या पेयाच्या जन्माची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दुसऱ्या महायुद्धात इटलीत उतरलेल्या अमेरिकन सैनिकांना एस्प्रेसो झेपेना, म्हणून ते त्यात पाणी घालून घरच्यासारखी कॉफी करून घेत. गोष्ट म्हणून छान आहे. पण एक तपशील त्यात नेहमी गाळला जातो. दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या 1943 साली. तेव्हाच्या इटालियन बारमधली मशीन वाफेच्या दाबावर चालायची, दाब जेमतेम दीड-दोन बार. तुरिनच्या अँजेलो मोरियोन्दोनं 1884 साली पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 मध्ये त्यावर मोठी सुधारणा केली, तीच ही जात. त्यातून निघायची ती कॉफी काळी, उकळती, क्रेमा नसलेली. आकिले गाज्जियाचं दांड्याचं मशीन बारमध्ये आलं ते युद्ध संपल्यावर, चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस. दाब वाढला तो तिथं, आणि दाट क्रेमाही लोकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. पंपाचं फाएमा ई-61 तर 1961 चं. वर युद्धकाळात इटलीत कॉफीची टंचाई, लोक सातू भाजून त्याची कॉफी पीत होते. म्हणजे त्या सैनिकांनी काहीही प्यायलं असेल, ते आजच्या अमेरिकानोसारखं लागत नसणार. क्रेमा वाचवण्यासाठी ‘मूळ पद्धती’चा दाखला देणाऱ्यांना मी हे सांगतो.

इटलीला जाणार असाल तर एक सूचना. संध्याकाळी बारमध्ये नुसतं ‘अमेरिकानो’ म्हणालात तर कांपारी, वर्मूथ आणि सोडा घातलेलं मद्य समोर येऊ शकतं. ‘कॅफे अमेरिकानो’ म्हणा. बऱ्याच ठिकाणी कपात एस्प्रेसो आणि शेजारी छोट्या जगमध्ये गरम पाणी असं देतात, हवं तेवढं घालून घ्या. मला ही सगळ्यात शहाणी पद्धत वाटते आणि घरी पाहुण्यांना मी तशीच देतो.

बी कोणतं? फार काळं भाजलेलं, तेलानं चमकणारं बी अमेरिकानोला घेऊ नका. पाण्यात त्याची फक्त राख उरते. फार हलकं भाजलेलंही घरगुती मशीनवर आंबट होतं. मध्यम किंवा मध्यमपेक्षा किंचित गडद. आपल्याकडे कर्नाटकातल्या चिकमगळूर आणि कोडगूची धुतलेली (फळाचा गर पाण्यानं काढलेली) अरेबिका जातीची कॉफी मुबलक मिळते, पाकिटावर ‘प्लांटेशन ए’ किंवा ‘एए’ लिहिलेलं असतं. अमेरिकानोसाठी माझी पहिली पसंती तीच. चव स्वच्छ, मंद आंबट, शेवटी थोडी चॉकलेटकडे झुकणारी. आंबट मुळीच नको असेल तर मान्सून्ड मलबार घ्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत हे बी जूनपासून पावसाळी वाऱ्याला पसरून ठेवतात. ते फुगतं, फिकट पडतं आणि त्याचा आंबटपणा जवळजवळ निघून जातो. युरोपातल्या एस्प्रेसो मिश्रणांत ते अंगासाठी, म्हणजे कॉफी तोंडात भरीव लागावी म्हणून, घालतात. नुसतं घेतलं तर काहींना त्यात पोत्याचा वास येतो, काहींना तोच आवडतो. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के रोबस्टा ही दुसरी जात असते, आणि तिला उगाच नाकं मुरडतात. अरेबिकात दहा-पंधरा टक्के चांगली धुतलेली रोबस्टा मिसळली की पाणी घातल्यावरही कपाला अंग राहतं. त्याहून जास्त नको. चिकोरी मिसळलेली पूड मात्र एस्प्रेसो मशीनमध्ये घालूच नका, ती फुगून चिकट होते आणि पाणी अडवते.

पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. भाजल्यानंतर आठवडा-दोन आठवडे थांबलेलं बी सगळ्यात सरळ वागतं. त्याआधी त्यात गॅस फार, महिना-दीड महिन्यानंतर जीव कमी. मुंबई-कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. पावसाळ्यात बी आणि पूड हवेतली ओल धरते, आणि मे महिन्यातली ग्राइंडरची खूण जुलैत चालत नाही. बी छोट्या हवाबंद डब्यांत भरा. फ्रीजमध्ये उघडझाप करत ठेवलंत तर दर वेळी त्यावर दव धरतं.

साखरेबद्दल मी सोवळं पाळत नाही. अर्धा चमचा घातली तर घातली. दूध हवंच असेल तर चमचाभर गार दूध घाला. दुधातली प्रथिनं तुरटपणा बांधून ठेवतात. जायफळ मात्र दुधाच्या कॉफीतच ठेवा, काळ्या कॉफीत ते औषधी लागतं. सोबतीला नानकटाई उत्तम. आणि पुरणपोळीच्या जेवणानंतर बिनसाखरेचा छोटा अमेरिकानो एकदा घेऊन बघा, गोडानं जड झालेली जीभ मोकळी होते.

उन्हाळ्यात गार करायचा तर आधी ग्लासात बर्फ आणि ऐंशी मिली गार पाणी, वरून शॉट. बर्फ वितळून पाणी वाढणार हे धरूनच पाणी कमी. गारव्यात गोडवा दबतो आणि आंबटपणा टोचतो, म्हणून इथं थोडं गडद भाजलेलं बी चालतं. दक्षिण कोरियात लोक कडाक्याच्या थंडीतही हाच पितात, थंडीनं मेलो तरी बर्फाचाच अमेरिकानो पिणार अशा अर्थाचा एक शब्दच त्यांनी बनवलाय.

घरात मशीन नसलेल्या कोणाला सांगायचं झालं तर मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं दोन मजली भांडं, बरा. खाली उकळतं पाणी वाल्व्हपर्यंत, पूड एस्प्रेसोपेक्षा जरा जाड, आच मंद. फुरफुर सुरू व्हायच्या आत उतरवायचा, कारण ती फुरफुर म्हणजे पुन्हा तेच शेवटचं कडू पाणी. निघालेल्या कॉफीत तिच्याइतकंच किंवा थोडं जास्त गरम पाणी. पितळी किंवा स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरचं बिनचिकोरीचं डिकॉक्शन घेऊन त्यात दुप्पट पाणी घातलं तरी सुरेख काळी कॉफी होते, फक्त तिला अमेरिकानो म्हणायचा हट्ट नको. लग्नाच्या मांडवात फुसफुसणाऱ्या मशीनमधून जी ‘एक्स्प्रेसो’ मिळते, ती इन्स्टंट पुडीवर वाफवलेलं दूध असते. तिची मजा वेगळी, पण तिचा इथं संबंध नाही.

राहिला मोठ्या मशीनचा प्रश्न. घेऊ नका, निदान आत्ता नको. तेवढे पैसे ग्राइंडरवर घाला. पात्यांचा मिक्सरसारखा ग्राइंडर बाद. त्यात धूळ आणि गोटे एकत्र निघतात, धूळ कडू होते आणि गोटे आंबट राहतात. दातेरी बर्र (बी चिरडणारी दातेरी चाकं) असलेला घ्या, आणि एस्प्रेसोसाठी त्याचे टप्पे बारीक आहेत ना ते विचारा. काही चांगले ग्राइंडर फिल्टर कॉफीला उत्तम असतात, पण एका टप्प्यावर शॉट वीस सेकंदांत येतो आणि पुढच्यावर पन्नास. दिवसाला एक-दोन कपच करत असाल तर हाताचा ग्राइंडर कमी पैशांत जास्त चांगली पूड देतो, फक्त अठरा ग्रॅम बारीक दळायला मिनिटभर मनगट दुखवावं लागतं. सोबत 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मशीनच्या ठिबक-ताटलीवर कपाखाली मावेल एवढा लहान आहे ना हे मापून मगच मागवा.